मशीनचं उष्टं

"आधी पाणी पी, मग पाण्याचं बघ."

बोर्डीच्या त्या काकींच्या स्वयंपाकघरात मी कितीही घाईत शिरलो, तरी हत्यारांची पिशवी उघडण्याआधी हे वाक्य ऐकावंच लागे. पेला मात्र त्या अर्धाच भरत. लागलं तर अजून माग, पण तळाला उष्टं ठेवायचं नाही, असा दंडक. मी पेला रिकामा करून दिला की तो तिरका करून तळ बघत आणि मगच मला मशीनला हात लावू देत.

डहाणूला माझं पाणी शुद्ध करायच्या मशीनचं दुकान आहे. नवी बसवायची, जुनी दुरुस्त करायची. आमच्या किनाऱ्यावर बोअरचं पाणी खारट, त्यामुळे धंद्याला मरण नाही. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटतात. दसऱ्याला मशीनला हार घालून वर्षभर फिल्टर न बदलणारी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. काकींचा प्रकार निराळा होता. त्या मशीनला वळण लावायला निघाल्या होत्या.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मागे चिकूची वाडी, मुलगा वसईला. काकींना मूतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी बोअरचं पाणी बंद करायला सांगितलं, आणि मुलानं त्यांना वसईला नेण्याचा हट्ट धरला. त्या हलेनात. शेवटी दोन हजार पंधरा साली मायलेकांत तडजोड झाली. मशीनचं पाणी प्यायचं, तरच वाडीत राहायचं. मशीन मी बसवलं. मुलगा भला माणूस. त्यानं मला अंगणात गाठून सांगितलं की आई काही बोलणार नाही, पण मशीन चालेनासं झालं तर मला कळवा, मी तिला घेऊन जाईन. म्हणजे भिंतीवरच्या त्या डब्यावर काकींचं राहतं घर टांगलेलं होतं.

काही महिन्यांतच काकींचा फोन आला. धार सुतासारखी झालीय, मुलाला कळवू नकोस, तू ये. मी गेलो, पाणी प्यायलो, मशीन उघडलं. बाहेरचा फिल्टर ठीक, पंप ठीक, नळीला कुठे मोड नाही. आतला मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, क्षारांनी पांढराफटक पडला होता. खारं पाणी, चालायचंच, असं म्हणून मी तो बदलला. धार पुन्हा ठणठणीत झाली.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. एवढ्या लवकर मेम्ब्रेन जाताना मी कधी पाहिला नव्हता. शेजारच्या घरी तेच बोअरचं पाणी, तेच मशीन, आणि तिथला मेम्ब्रेन दोन उन्हाळे काढत होता. मी कंपनीला शिव्या दिल्या, बोअरला दिल्या. मुलाच्या कानावर कुठून तरी गेलंच. तो फोनवर म्हणाला की दिवाळीला येतो आणि आईला घेऊनच जातो.  मी मेम्ब्रेन बदलत असताना काकी नुसत्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि वाडीकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

माझी मोटारसायकल जुनी. तिचा आवाज फाटकाच्या आधी घरात पोचायचा. पुढच्या वेळी ती गॅरेजला होती म्हणून मी शेअर रिक्षातून उतरून चालत गेलो आणि थेट मागच्या दारी पोचलो. मशीन चालू होतं. पंप घुरघुरत होता, पण क्षाराचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीतून मोरीत थेंबही पडत नव्हता. वाकून बघतो तर नळीचं टोक दुमडलेलं, आणि त्यावर हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी, गाठ मारून घट्ट आवळलेली. दर खेपेला माझ्या गाडीचा आवाज आला की काकी ती सोडून ठेवत असणार.

चिंधी सोडून हातात धरली तेव्हा काकी दारात उभ्या होत्या. लाजल्या नाहीत, चिडल्या. पेलाभर पाणी देतं आणि बादलीभर उष्टं टाकतं हे मशीन, म्हणाल्या. "आमच्या घरात पोरानं पानात उष्टं टाकलं तर त्याला उठू देत नव्हते मी. याचे लाड कोणी करायचे?"

मी पडदा, दाब, क्षार सगळं समजावून पाहिलं. त्या ऐकून घेत होत्या, पण पटत नव्हतं. चुलीवर माशाचं कालवण रटरटत होतं आणि दारात मांजर बसलं होतं. त्याच्याकडे बघून मला सुचलं.

"काकी, मासा खाताना काटा बाजूला काढता, त्याला उष्टं म्हणता का?"

"काटा कसा उष्टा होईल?"

"मग हे मशीन काटेच काढून टाकतंय. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. काटे घशात अडकले."

काकी मशीनकडे बघत राहिल्या. मग खुर्चीत बसून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. हसणं थांबल्यावर मात्र हळूच बोलल्या.

"हे त्याला सांगू नकोस हं. तो म्हणेल, आईचं डोकं चालेनासं झालं. मग मला इथं कोण ठेवील?"

मी सांगितलं नाही. नळीत अडथळा होता, काढला, एवढंच मुलाला कळवलं. ते खोटं नव्हतं. काकींचा प्रश्न दुसराच होता: काटे मांजराला, मग हे टाकलेलं पाणी कोणाला? मोरीजवळच्या नारळाला, त्याला खारं चालतं, हे त्यांनीच ठरवलं. मी लांब नळी जोडून खिडकीतून झाडाच्या बुंध्याशी सोडली. चिंधी मी फेकणार होतो, ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. कामाला येईल, म्हणाल्या. त्यानंतर मेम्ब्रेन टिकला, धार टिकली, आणि काकी दिवाळीनंतरही वाडीतच राहिल्या.

दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात त्या गेल्या. थोडे दिवस ताप, आणि आपल्याच खाटेवर. मशीन काढायला मुलानं मला बोलावलं. स्वयंपाकघरात शिरून मी पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं तसाच उभा राहिलो. त्याच्या ते लक्षात आलं असावं. त्यानं पेला घेतला, अर्धाच भरला आणि माझ्यासमोर धरला. मी तळापर्यंत प्यायलो.

मग नळी सोडवायला आम्ही दोघं मागे गेलो. तिचं टोक हलू नये म्हणून नारळाच्या बुंध्याला बांधलेलं होतं, हिरव्या काठाच्या चिंधीनं. हे काय, असं त्यानं विचारलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, मोटारसायकलच्या आवाजापासून काट्यांपर्यंत. तो हसला, आणि हसता हसता मोरीच्या कठड्यावर बसून रडला.

"तेव्हा सांगितलं असतंत, तर मी तिला घेऊनच गेलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्यानं मान हलवली. मशीन मी काढलं, गाडीला बांधलं. नळी सोडू का म्हणून विचारलं, तर तो नको म्हणाला. खिडकीपाशी कापून तिचा झाडाकडचा तुकडा, त्या गाठीसकट, आम्ही तिथंच राहू दिला.