चिठ्ठी मागणारी अंबूबाई

अंबूबाई ग्रामपंचायतीत गेली तेव्हा तिचा हात तिचा नव्हता. वॉर्ड बायांसाठी राखीव निघाला, म्हणून गोविंदानं बायकोला उभं केलं. धाड गावच्या बाजारात मेथी-सांभाराच्या जुड्या विकणारी बाई सदस्य झाली. सभेत ती आत सतरंजीवर, गोविंदा बाहेर खिडकीशी. ठरलेलं असं होतं, की त्यानं खांद्यावरची दस्ती हातात घेतली की तिनं हात वर करायचा. बाकीच्या तीन सदस्य बाया तिच्याकडं पाहून आपापला हात वर करायच्या.

एका मे महिन्यात शाळेमागची जागा मोबाईलच्या टॉवरला द्यायचा ठराव आला. त्या जागेवर बाया मिरच्या वाळवत. गोविंदालाही तो ठराव नको होता, पण ऊन फार होतं. त्यानं मान पुसायला दस्ती काढली. अंबूबाईचा हात वर गेला. मागोमाग तीन हात; सरपंचाचा आधीच वर होता. ठराव मंजूर झाला.

"म्या त घाम पुसला," तो घरी म्हणाला.

"मंग माहा हात काऊन वर गेला?"

टॉवर उभा राहिला, आणि त्याच्याखालून जाताना अंबूबाईला आपला हात खांद्याला लावलेल्या परक्या वस्तूसारखा वाटू लागला.

पुढे बुलढाण्यात महिला सदस्यांचं प्रशिक्षण झालं. तिथं तिला कळलं, की उपसरपंचाच्या निवडीत एका सदस्यानं जरी मागितलं तरी हात वर करून नाही, गुप्त चिठ्ठीनं मतदान घ्यावं लागतं. येताना एसटीत ती शेजारच्या संजीवनीला म्हणाली, "हात वर करणं म्हणजे मत नाही, हजेरी आहे. कोन कोनाचं आहे ते मोजतेत फक्त."

संजीवनीही त्याच ग्रामपंचायतीत सदस्य होती.

उपसरपंचानं राजीनामा दिला. सरपंच महादेवराव यांनी सदस्य इंद्रभानचं नाव ठरवलं. दुसरं नावच नसेल तर मतदान होत नाही, म्हणून अंबूबाईनं स्वतःचा अर्ज भरला आणि चिठ्ठी मागितली.

"आपल्या गावात चोरून काय करायचं, वैनी?" महादेवराव हसून म्हणाले. "ज्याले जे वाटते ते सगळ्यासमोर सांगा."

"भाऊ, तुम्ही सांगून तुमच्याच घरी जेवता. आमाले बी त्याच घरी जा लागते, जिथं आमचा हात कोनी पाह्यला असते."

कोणीतरी हसलं, मग थांबलं. ग्रामसेवकानं नियम वाचला. महादेवरावांनी नाइलाजानं मान डोलावली.

अंबूबाई उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

"अंबू, खिडकी काऊन लावली?" बाहेरून गोविंदा.

"ऊन येते."

"ऊन त माह्या अंगावर येऊन राह्यलं."

"मंग घरी जा. तुमचं काई काम नाही इथं."

बाहेर थोडा वेळ पावलं घुटमळली. मग तीही ऐकू येईनाशी झाली.

दोन नावं लिहिलेल्या आठ चिठ्ठ्या; वरचं इंद्रभानचं, खालचं अंबूबाईचं, हे ग्रामसेवकानं सांगितलं. सात सदस्य आणि सरपंच. खूण करायला सगळ्यांना एकच पेन, हेही तिनंच मागितलं. निरक्षर सदस्य मंजुळाबाई कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून इतका वेळ उभी राहिली, की इंद्रभान घड्याळ पाहू लागला. तिला कोणी हाक मारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं विचार करावा म्हणून आठ माणसं थांबली होती.

इंद्रभानला पाच मतं पडली, अंबूबाईला तीन.

त्या संध्याकाळी घराघरांत चौकशी झाली. अंबूबाई सोडून सातही जणांनी शपथेवर सांगितलं, की आपण इंद्रभानलाच मत दिलं. महादेवरावांनी पुन्हा पुन्हा हिशेब केला, हिशेब जमेना. इंद्रभान निवडून आला खरा, पण पानटपरीवर प्रत्येकाच्या तोंडाकडं संशयानं पाहू लागला.

पुढच्या सभेत महादेवराव गंभीर होते. "अशानं गावात फूट पडते. चिठ्ठीची मागणी कोनी करू नये, असा ठराव घेऊ. मंजूर असन त हात वर करा."

संजीवनीनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. मंजुळाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही, अंबूबाईकडंही नाही. ती समोर पाहत होती.

अंबूबाई उठून खिडकीकडं गेली.

"घ्या ना ठराव," ती म्हणाली, "चिठ्ठीनं घ्या."