मान खाली गेली तेव्हा

वयाच्या तिसाव्या वर्षी मी कुस्ती शिकायला लागले, तेही पाठदुखीमुळे. चिंचवडच्या ऑफिसात दिवसभर बसून पाठ आखडली होती, आणि पुनावळ्यात आमच्या सोसायटीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायकांसाठी संध्याकाळचा फ्रीस्टाइल कुस्तीचा वर्ग निघाला होता. शिकवणारे वस्ताद तिथल्याच जुन्या घरातले, साठी ओलांडलेले. महिनाभर त्यांनी एकही डाव दाखवला नाही. गुडघे वाकवून उभं राहायचं, पाठ सरळ, हात पुढे, मॅटवरून पाय न उचलता सरकायचं. मग पडायचं कसं ते. मग डोकं आणि पाय टेकवून बाकीचं अंग वर उचलायचं, मान तयार व्हावी म्हणून.

"या कुस्तीत पायाला हात घालायची मुभा हाय," ते म्हणायचे. "म्हणून समदे वाकत्यात. वाका, पण गुडघ्यातनं. मान खाली गेली की खेळ न्हाई ऱ्हात, निस्तं नशीब ऱ्हातं."

माझी जोडीदार कुरुळीच्या शेतकरी घरातली, माझ्याच वजनाची, सहा वर्षांनी लहान. चाकणच्या एका कंपनीत लाईनवर नट आवळायची आणि पहिली शिफ्ट संपली की स्कूटीवरून यायची. दोन्ही पाय एकदम धरून पाडायचा तिचा पट इतका झटकन यायचा, की तिचे हात दिसायच्या आधीच मी मॅटवर असायचे. पण घाईत तिची मान खाली जायची. वस्ताद रोज टोकायचे, ती रोज मान डोलवायची.

एक दिवस तिने माझ्याकडून बुटाची नाडी बांधून घेतली. आठवड्यापूर्वी सरावात ती डोक्यावर पडली होती. तिने सांगितलं, तेव्हापासून डाव्या हाताला मुंग्या येत होत्या, लाईनवर नट हातातून निसटत होते. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव, वस्तादांना सांग.

"जिल्ह्याच्या संघाची निवड झाली की दाखवते," ती म्हणाली. "ताई, तू बोलू नकोस. एकदा घरी बसले की मला परत कुणी पाठवायचं नाही."

मी बोलले नाही. तिने विश्वास टाकला होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर ती गेली असती तर मला जोडीदार उरली नसती म्हणूनही.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. ती पाण्याची बाटली उजव्याच हाताने धरायची. मानेवर अंग उचलताना अर्ध्यातच खाली यायची आणि हसायची. मी तिच्याशी हलकं खेळू लागले. ते तिच्या लक्षात आलं. एका गुरुवारी ती चिडून म्हणाली, माझ्याशी खोटं खेळू नकोस.

म्हणून मी खरं खेळले. ती पायांत शिरली, आणि शिकवल्याप्रमाणे मी दोन्ही पाय मागे फेकून कमरेचं सगळं वजन तिच्यावर सोडलं. हा बचाव मला तोवर एकदाही जमला नव्हता. क्षणभर मला आनंद झाला.

मग कळलं की माझ्याखाली ती हलत नाहीये. मी हळूच बाजूला सरकले. तिचे डोळे उघडे होते.

"ताई, माझे हात कुठंयत?" तिने अगदी शांतपणे विचारलं.

वस्ताद गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळव्यांत तिचं डोकं जसंच्या तसं धरलं आणि कुणी हात लावायचा नाही म्हणाले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते तसेच बसून होते. गाडी आली तोवर तिच्या उजव्या हाताचं एक बोट हललं होतं.

मानेतली चकती आधीच सरकून नस दाबत होती, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या जिन्यात मी वस्तादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "मला बी दिसत व्हतं," म्हणाले. "वाटलं, शिफ्टनं दमलीया."

ऑपरेशन झालं. ती चालते. डाव्या मुठीत जोर नाही, कंपनीने तपासणीच्या टेबलाशी बसून करायचं काम दिलंय. मी कुरुळीला भेटायला गेले तेव्हा ती मला लाईनवरच्या गमती सांगत राहिली. तिच्या आईने चहा आणला आणि आमच्यासमोर उभी राहिली.

"तुला म्हाईत व्हतं का गं?" तिने मला विचारलं.

मी हो म्हटलं. तिने माझ्यापुढचा कप परत नेला नाही. तशीच आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.