लुगडी गेली पिनांगला

चाकणच्या कांदा बाजारात रंगराव शेठच्या गाळ्यावर कांदा निवडायला बायका यायच्या. त्यांच्यात निघोज्याच्या कस्तुराबाई होत्या. बी. कॉम. झाल्यावर पिंपरीच्या कंपनीत लागेपर्यंत मी त्या गाळ्याचे हिशेब लिहीत होतो. १९७० च्या आसपासची ही गोष्ट. पुढं नोकरीत परदेशी जाऊन आलेले कितीतरी साहेब पाहिले. पण प्रवासाची तयारी म्हटलं की मला अजूनही कस्तुराबाईच आठवतात.

कांदा निवडून झाला की बायका गोणी भरत, दाभणानं तोंड शिवत आणि शिवणीच्या टोकाला आपापली चिंधी बांधत. मजुरी गोणीवर असल्यामुळं प्रत्येकीची खूण वेगळी. कुणाची निळ्या पोलक्याची, कुणाची पांढऱ्या धोतराची. कस्तुराबाईंची हिरवी, पिवळ्या बारीक काठाची. त्या तसलंच लुगडं नेसत आणि विरलं की फाडून चिंध्या करीत. निवडक माल रेल्वेनं मद्रासला आणि तिथून बोटीनं पुढं जाई. त्या गोण्यांवर हमाल काळ्या रंगाचा शिक्का उमटवी.

एकदा कस्तुराबाईंनी मला विचारलं, "भाऊ, ह्ये काळं काय लिवत्यात?"

"पिनांग. शहराचं नाव आहे. समुद्रापलीकडं, बेटावर."

"मंजी चारी अंगानं पानी?" त्या गोणीकडं बघत राहिल्या. "माझी लुगडी समदी तिकडं गेली की वं. मीच ऱ्हायले."

शेजारी त्यांची विधवा नणंद गोजाबाई बसली होती. ती म्हणाली, "मग जा की वैनी! लुगडी म्होरं, तुमी मागनं."

गोजाबाईनं थट्टा केली होती. कस्तुराबाईंनी ती मनावर घेतली.

त्यांचं माहेर भोसरीचं. त्याच सुमाराला माहेरचं शिवार कारखान्यात गेलं. भावांना बहिणीची सही लागत होती, म्हणून तिचा वाटाही तिला मिळाला. या पैशातून विहिरीवर इंजिन बसवायचं असं त्यांचे मालक आबाजी यांनी मनात धरलं होतं. कस्तुराबाईंनी घरी सांगितलं, इंजिन नंतर, मी पिनांग बघून येणार. दुसऱ्या दिवशी आबाजी तडक गाळ्यावर.

"शेठ, हिला चार शबुद सांगा. इंजिन ऱ्हायलं बाजूला आन् ही बोटीत बसाया निघालीया."

शेठ हसले. "कस्तुराबाई, मी दोनदा जाऊन आलोय. गोदामं, दुकानं आन् घाम. हवाच खायचीय तर महाबळेश्वरला जा की."

"महाबळेश्वराला माझं कुनी गेलं न्हाई."

"आन् पिनांगला कोण गेलंय?"

कस्तुराबाईंनी सुतळीचा टाका पुरा ओढला. मग मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या ताईचा परकर."

ताई ही त्यांची एकुलती लेक. सहा वर्षांची होऊन तापात गेली, एवढं मला माहीत होतं. तिचा लाल खणाचा परकर मागं राहिला होता. कुणी म्हणालं, नदीला सोड. जावेनं आपल्या पोरीसाठी मागितला. कस्तुराबाईंना दोन्ही जमेना. त्या सालच्या हंगामात त्यांनी परकराच्या चिंध्या केल्या आणि आपल्या हिरव्या चिंधीशेजारी एक-एक करून गोण्यांना बांधल्या.

"इंद्रायणीला सोडला असता तर आळंदीच्या म्होरं कुठं गेला ते कळलं नसतं," त्या आबाजींना म्हणाल्या. "ह्यो कुठं गेला ते गोनीवर लिवलेलं व्हतं. मला वाचता येत न्हवतं, येवढंच."

आबाजींना हे ठाऊक नव्हतं. ते उठून बाहेर गेले आणि एका सुटलेल्या बैलगाडीला टेकून बराच वेळ उभे राहिले. गाळ्यावरच्या बायकांचे हातही थांबले होते. मग आबाजी आत येऊन म्हणाले,

"लोक इचारतील, त्यांस्नी काय सांगू?"

"सांगा, बायकू कांदा पोचवाया गेलीया."

"आन् इंजिन?"

"ते काय पळून जातंया का?"

शेठ वैशाखात पिनांगला जाणारच होते. ते म्हणाले, "आबाजी, काळजी नको. न्हाई आली तर गोणीत घालून आणतो." गोजाबाईनंही आपलं ठरवून टाकलं. "वैनी एकली गेली तर तिकडं भांडाया कोन मिळंल तिला?"

पुढचे दोन-तीन महिने मी जी तयारी पाहिली, तशी नंतर कुठल्या कचेरीतही पाहिली नाही. कस्तुराबाई पुण्याच्या पलीकडं कधी गेल्या नव्हत्या. समुद्राचा प्रवास करून आलेला जवळचा असा त्यांच्या माहितीत एकच, कांदा. तेव्हा कांदा कसा जातो, तसं आपण जायचं, असा सगळा बेत त्यांनी रचला. हमालांना विचारलं, ट्रकवाल्यांना विचारलं, मालधक्क्यावर जाणाऱ्या शेठच्या माणसाला तर त्यांनी रडकुंडीला आणलं. माल कुठं थांबतो, कुठं भिजतो, कुठं सडतो?

शेठ म्हणाले, "बोटीत खालची खोली घेऊ, दार लावून निजता येईल."

"नगं. तळाचा माल घामेजतो. वारं लागतंया त्यो टिकतो." म्हणून दोघींची तिकिटं उघड्या डेकवरची निघाली.

गाठोडी त्यांनी निम्मीच भरली. ठासून भरलं की आतलं नासतं. एक बिघडलं तर दुसऱ्याला लागू नये म्हणून चटणी वेगळी, लोणचं वेगळं, भाकरीचा सुकवलेला चुरा वेगळा. अंथरायला दोन कोऱ्या गोण्या. गावातल्या बायका बघायला येत आणि गाठोड्यांभोवती अशा बसत, की जणू आत देव ठेवलाय.

पासपोर्टचं माझ्याकडं आलं. शेठचा कांदा घेणाऱ्या पिनांगच्या व्यापाऱ्यानं दोघींना पाहुण्या म्हणून बोलावल्याचं पत्र पाठवलं होतं. फोटोसाठी मी त्यांना पुण्याला नेलं. फोटोवाला म्हणाला, "बाई, पदर मागं घ्या. कान दिसले पाहिजेत."

"बघायचं मला डोळ्यानं हाय. कान कशापायी?" असं म्हणत का होईना, पदर बोटभर मागं सरकला. लस टोचायच्या वेळी मात्र गोजाबाई अडून बसली. "वैनी, कांद्याला न्हाई टोचत!"

निघायच्या दिवशी आबाजी पुणे स्टेशनपर्यंत आले. मीही होतो. गाडी हलेपर्यंत ते गाठोडी नीट लागलीत का, पाणी घेतलं का, एवढंच बोलत होते. गाडी हलली तसे खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "दिसला तर सांग."

दोघी परत आल्या आणि एक दिवस जाऊ देऊन कामावर हजर झाल्या. आबाजीही मागोमाग आले आणि कोपऱ्यात पोत्यावर बसले. घरी ऐकलं असणारच, पण त्यांना पुन्हा ऐकायचं होतं.

"समुद्र कसा आहे हो?" मी विचारलं.

कस्तुराबाई म्हणाल्या, "भाऊ, त्याला कडच न्हाई. पयल्यांदा बघितला तवा मी खाली बसले. हुबं ऱ्हाऊन बघायची गोष्ट न्हाई ती. सकाळी उठलं तरी त्योच, सांजला त्योच. मनात आलं, माझा कांदा ह्यातनं गेला? येवढासा कांदा?"

"खालच्या खोलीतली मानसं वकून वकून अर्धी झाली," गोजाबाई म्हणाली. "शेठबी! दुसऱ्या दिशी आमच्या गोनीवर यून निजलं."

"निजलो," शेठ गादीवरून म्हणाले. "पुढं सांगा."

पिनांगला धक्क्याजवळच कांद्याच्या वखारींची गल्ली होती. दोघी तिथं रोज जात. शहरात बघण्यासारखं पुष्कळ होतं, डोंगरावर जाणारी गाडी होती, मोठमोठी देवळं होती. ते सगळं त्यांनी पाहिलं, पण गल्ली चुकवली नाही. गोण्या रिकाम्या होत आणि चिंध्या गटारात जात. ते पाहून कस्तुराबाईंचं तोंड उतरलं. मग एका सकाळी एक म्हातारा तमिळ हमाल हातगाडा ओढत आला. गाड्याचा दांडा लोखंडी. त्याला हातभर लांबीत चिंध्या गुंडाळलेल्या, थरावर थर, कितीतरी वर्षांच्या. वरचा थर हिरवा. पिवळा बारीक काठ.

"मी दांडाच धरला," कस्तुराबाई म्हणाल्या. "हिरव्याखाली निळं, त्याच्याखाली पांढरं. बुडाशी, जिथं हात घट्ट बसतो तिथं, लाल. घामानं काळं पडल्यालं. खनाची वीन वाटली."

त्यांना ते हवंय असं वाटून म्हातारा गाठी सोडायला लागला. त्याला मराठी येत नव्हतं, यांना तमिळ. कस्तुराबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. त्यानं गाठी तशाच ठेवल्या. शेठ तिथं होते. ते म्हणाले, मला त्या दोघांकडं बघवेना.

"तोच परकर होता का पण?" मी विचारलं.

"त्योच!" गोजाबाई म्हणाली.

"असंल. नसंलबी," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर कुनाच्या तरी हाताला मऊ लागतंया."

कोपऱ्यातून आबाजी म्हणाले, "उन्हात तापत असंल दांडा."

"तापतो तर. हात पोळंल असा."

"मग सोडवला न्हाईस ते बरं केलंस."

आबाजी उठले, पटका नीट केला आणि निघोज्याच्या वाटेला लागले. कस्तुराबाईंनी समोरची गोणी ओढली, भरली, तोंड शिवलं. कमरेजवळच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याला दात लावून चिंधी फाडली. नेहमीची बोटभर नव्हे, चांगली हातभर.

शेठनं पाहिलं. "अहो, खुणेला एवढी कशाला? बोटभर पुरती की."

"खुनंला पुरती," त्या गाठ आवळत म्हणाल्या. "दांड्याला गुंडाळाया कमी पडती."