तिच्यासमोर जेवायचं

भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला खेटून, चाकू-कात्र्यांना धार लावायचं एक टीचभर दुकान होतं. आत एक माणूस, मोटरवर फिरणारं दगडी चाक आणि खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या; आणखी काही ठेवायला जागाच नव्हती. गिऱ्हाइकाने बाहेर फुटपाथवर उभं राहायचं. त्या माणसाला सगळे धारवाले म्हणायचे. स्वभावाने इतका मवाळ, की शेजारचा शिंपी म्हणायचा, "यांच्या जिभेला तेवढी धार लावायची राहून गेली."

बायकोही त्याला या दुकानानेच मिळवून दिली. ऑफिसांच्या इमारतींमागे एक छोटं थाई रेस्टॉरंट होतं, तिथे ती भाज्या चिरायच्या कामाला होती. एकदा तिथला चाकू धार लावायला घेऊन आली. परत घेताना पात्यावरून अंगठा हलकेच फिरवला आणि म्हणाली, "टोकाकडे राहिलीय." तो चाट पडला, कारण खरंच राहिली होती. पुढच्या खेपेला त्याने मुद्दामच टोकाकडे थोडी कमी धार लावली, म्हणजे तिला पुन्हा यावं लागेल. लग्नानंतर कधीतरी त्याने हे कबूल केलं, तेव्हा ती म्हणाली, "मला कळलं नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?"

मुलगी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बायको मात्र त्याच रेस्टॉरंटमध्ये राहिली. रोज सकाळी कोबीचे गड्डे, गाजरं आणि कच्च्या पपया तिच्यासमोर येऊन पडायच्या. तिथल्या कुरकुरीत सॅलडचं मोठं नाव होतं. दुपारी ऑफिसातली माणसं त्यासाठी ताटकळत उभी राहायची. घरी मात्र तिने ते कधी केलं नाही. "दिवसभर तेच चिरते. घरी तरी कोबीचं तोंड बघायला लावू नका," म्हणायची. तो चिडवायचा, "शेवटी कच्चा कोबीच ना? बकरीला घालतात तो."

"एकदा करून घालीन, मग बोला."

ते एकदा राहूनच गेलं.

तिचा आवाज बसला तेव्हा दोघांनीही मनावर घेतलं नाही. स्वयंपाकघरातल्या वाफेने बसला असेल, असं म्हणून गरम पाणी पीत राहिली. मग घास अडकायला लागला. तपासण्या झाल्या, गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं आणि अन्नासाठी पोटात नळी बसवली. तोंडाने काही गिळायचं नाही, असं बजावून त्यांनी तिला घरी पाठवलं. एवढं करूनही सगळी गाठ निघालेली नाही, हे त्यांनी दोघांना समोर बसवूनच सांगितलं होतं.

नळीतून पातळ पेज कशी सोडायची, ते तो शिकला. तिचे ओठ वाचायलाही शिकला, जरा उशिराने. सुरुवातीला ती उशी मागायची आणि हा खिडकी उघडायचा. ती कपाळावर हात मारून घ्यायची, आणि मग दोघं हसायचे. हसताना तिचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलायचे.

पण एक गोष्ट त्याला जमेना. तिच्यासमोर त्याच्या घशाखाली घास उतरेना. तो दुकानात, चाकाकडे तोंड करून, उभ्याउभ्याच काहीतरी पोटात ढकलायचा. घरी असला तर न्हाणीघरात जायचा, नळ सोडायचा आणि बिस्किटं खायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "मला भूकच नसते हल्ली." त्याची विजार कमरेवर ठरेना. ती बघत होती.

एका रविवारी सकाळी तिने त्याला हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि ओठ हलवले. कोबी आणा.

"लोणी? लोणी कशाला?"

तिने डोळे मिटून घेतले, मग दोन्ही हातांनी हवेत गड्डा काढून दाखवला. गाजर, कच्ची पपई, काकडी, लाल ढोबळी मिरची, शेंगदाणे, लिंबं, पुदिना, सोया सॉस. एकेक वस्तू समजेपर्यंत दोघं घामाघूम झाले. "हे सगळं कुणासाठी?" त्याने विचारलं. तिने बोट त्याच्या छातीवर टेकवलं.

ओट्याशी उंच स्टूल ठेवून ती बसली, गळ्याला सुती रुमाल बांधून. हातात चमचा घेतला. चमचा एकदा वाजला तर बरोबर, दोनदा वाजला तर चूक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाकूंना धार लावणाऱ्या माणसाने घरात साधा कांदाही कधी चिरला नव्हता. त्याने कोबी कापला आणि चमचा दोनदा वाजला. आणखी बारीक कापला, पुन्हा दोनदा. शेवटी तिने त्याच्या हातावर हात ठेवला. ताकद नव्हतीच तिच्यात, पण वजन कुठे टाकायचं ते त्याच्या मनगटाला कळलं. कोबीच्या दोऱ्यासारख्या तारा पडू लागल्या.

गाजर आणि पपईच्या काड्या तिने बर्फाच्या पाण्यात टाकायला लावल्या, ताठ व्हाव्यात म्हणून. काकडीतला बियांचा गर काढून टाकायला लावला, नाहीतर पाणी सुटतं. लसूण आणि मिरची खलबत्त्यात ठेचली, त्यात लिंबू, साखर, सोया सॉस. श्वास गळ्यातून चालत असल्यामुळे तिला वास येत नव्हता. तिने नाकाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

"झोंबतोय," तो म्हणाला. "लिंबाचा येतोय. मिरचीचा. चांगला येतोय गं."

मग तिने करंगळी त्या रसात बुडवून जिभेवर टेकवली. तो घाबरून पुढे झाला. तिने त्याला हाताने थांबवलं, डोळे मिटून क्षणभर तशीच बसली, आणि तोंडातलं वाटीत थुंकून टाकलं. ओठ हलले. साखर कमी आहे.

सगळं निथळून, पुसून, पुदिना आणि भरड कुटलेले दाणे घालून, अगदी शेवटी त्यावर तो रस ओतला. त्याने झाकण शोधायला सुरुवात केली. "दुकानात नेतो," तो म्हणाला. "दुपारी खाईन."

चमचा दोनदा वाजला.

तिने समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तो उभाच राहिला, तेव्हा तिचे ओठ सावकाश हलले, एकेक शब्द सुटा करून. न्हाणीघरात जेवता तुम्ही. मला ऐकू येतं.

तो खाली बसला. "तुझ्यासमोर कसा खाऊ गं मी?"

माझ्यासमोरच खा. मला एकटीला नका टाकू.

त्याने पहिला घास घेतला. कोबी, गाजर, दाणे दाताखाली करकरले. त्या शांत स्वयंपाकघरात तो आवाज त्याला लाज वाटावी इतका मोठा वाटला. ती पुढे वाकली आणि त्याच्या गालावर, जबड्याच्या हाडाशी, तळहात ठेवला. तो चावत होता आणि रडत होता, आणि तिचा हात तिथेच होता. बशी रिकामी होईपर्यंत तिने तो काढला नाही.

"बकरीचं नाही," तो शेवटी म्हणाला. तिचे खांदे हलले.

त्यानंतर तो घरात टेबलाशी बसून, तिच्यासमोर जेवू लागला. विजारीचा पट्टा एका भोकाने सैल केला, तेव्हा तिने समाधानाने मान हलवली. स्वतः मात्र ती उतरतच गेली. अखेर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी रजा काढून आली. तिथे एका दुपारी तिने बापलेकींना खूण केली, खाली जाऊन जेवून या. मुलगी थांबते म्हणाली, तर तिलाही हाताने पिटाळलं. दोघं कँटीनमध्ये बसले, भात मागवला. ताटं अर्धी झाली होती, तेव्हा नर्स जिन्यातून धावत खाली आली.

मुलगी महिनाभर बापाजवळ राहिली. तो रोज दुकान उघडायचा, वेळेवर घरी यायचा, वाढलेलं खायचा. जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आईने तुम्हाला ते सॅलड शिकवलं होतं ना? मला सांगून ठेवा. तिकडे करीन मी."

तो बराच वेळ टेबलावरच्या रेघांवरून बोट फिरवत बसला.

"त्यात काय सांगायचं," तो म्हणाला. "कोबी असतो, गाजर असतं." पुढे काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मुलगी त्याच्या ओठांकडे बघत राहिली.