तिच्या अंथरुणाखालचं बारदान

आमच्या ख्रिस्ती देवळात मला पुढच्या बाकावर बसवतात. नवीन कोणी मंडळीत आलं की माझ्याकडे बोट करून सांगतात, यांची बायको प्लेगात गेली, पण विश्वास ढळला नाही. मी खाली मान घालून ऐकतो. प्लेग तिच्यापर्यंत कुणी नेला, हे त्यांना ठाऊक नाही. ते इथं लिहितो. मिशनच्या शाळेत माझ्या तीन इयत्ता झाल्या. लिहिण्यात चुका असतील, सांगण्यात नाहीत.

माझा धंदा हिरड्याचा. कातडी कमावायला हिरडा लागतो. भीमाशंकराच्या रानातली माणसं तो वेचून घोडेगावच्या बाजारात आणायची. तिथून मी जुन्नरला आणून एका मुसलमान व्यापाऱ्याला घालायचो. आधी डोक्यावर आणला, मग दोन बैल झाले, मग कौलारू घर झालं आणि पुढची खोली पोत्यांनी भरली. बाप्तिस्मा घेतला तेव्हा माझ्याजवळ एक घोंगडं होतं आणि दोन वेळची प्रार्थना होती. पोती वाढली तशी प्रार्थना रविवारावर आली. तीही कसली? डोळे मिटले की मला ढग दिसायचे. भिजलेला हिरडा काळा पडतो, मग त्याला कुत्रं विचारत नाही.

कारभारीण एकदा म्हणाली, "तुमचं आमेन आताशा लई लवकर येतंया."

मी म्हणालो, "तू कर की लांबड. मला बैलं सोडायचीत."

त्या हिवाळ्यात गावात उंदीर मरून पडू लागले. दोन माझ्याच पोत्यांमागं सापडले. हुकूम झाला, सगळ्यांनी घरं सोडून माळावर जायचं. भांडी न्यायची, कपडे उकळून न्यायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. माळावर कडब्याच्या झोपड्या झाल्या. एका बाजूला आम्ही, पलीकडे कुणबी, त्यांच्या पलीकडे मुसलमान. घरांची कौलं काढून आत ऊन सोडणार होते, आणि चिंध्या, नवी-जुनी पोती सगळं जाळणार होते.

माझ्या घरात नव्या कोऱ्या पोत्यांचा एक गठ्ठा होता. त्या व्यापाऱ्यानंच दिलेलं बारदान. ते जळणार म्हणून मला अन्न गोड लागेना. त्याची झोपडी पलीकडेच होती. एका दुपारी तो म्हणाला, "भाऊ, बारदान गेलं तर जाऊ द्या. मी दुसरं देतो. तुमच्यात तर सांगतात ना, उद्याची फिकीर करू नका म्हणून? मग तोंड का असं सुपारी अडकल्यागत?"

मी हसलो. पण त्याच्या शब्दावर माझा भरवसा बसला नाही. देवाच्या शब्दावर कुठं बसला होता?

कारभारणीला मात्र माळ मानवला होता. सकाळी लेण्याद्रीच्या डोंगरावर ऊन आलं की ती झोपडीबाहेर गुडघे टेकायची. शेजारची कुणबीण चेष्टा करायची, "काय गं, गणपतीला हात जोडतीस व्हय?"

"ज्यानं डोंगर केला त्याला जोडते. ये, तूबी बस."

ती खरंच येऊन बसायची. मग आणखी दोघी येऊ लागल्या. संध्याकाळी ही गाणी म्हणायची आणि त्या ऐकायच्या. मला म्हणायची, "इथं दार न्हाई, कडी न्हाई, कायबी राखायचं न्हाई. आपण दोघं पहिल्यावानी बसू या की." मी बसायचो आणि गाणं अर्ध्यावर असताना उठून गावाकडे बघायचो, माझ्या घराची कौलं निघाली का म्हणून. ती हसायची. "पाळकांनी देवळात सांगितलं न्हाई का, आग लागलेल्या गावातनं पळताना शास्त्रातली ती बाई मागं बघत व्हती आन् मिठाचा खांब झाली. आमच्यात बाप्या बघतोय."

एका दुपारी वेशीवरचा शिपाई भाकरी खायला बसला तेव्हा मी नदीच्या अंगानं गावात शिरलो. बारदानाचा गठ्ठा उचलला, गवताच्या भाऱ्यात घातला आणि भारा डोक्यावर घेऊन माळावर आलो. तपासणीवाले झोपड्यांत डोकावायचे. लपवायला जागा एकच, तिचं अंथरूण. मी पोती पसरली आणि वर तिची वाकळ घातली.

"हे काय?" ती म्हणाली.

"थंडी वाजते म्हणत हुतीस ना. ऊब राहील."

तिनं माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी बघायची तसं. त्या संध्याकाळी बायकांसमोर तिनं मोठ्यानं प्रार्थना केली. "बापा, तुझे उपकार. माझ्या मालकाच्या मनात तू माझी काळजी घातलीस." मी शेजारी बसलो होतो. आमेन म्हणालो. त्या वेळीही लवकरच म्हणालो.

चौथ्या दिवशी तिला हीव भरलं. जांघेत गाठ आली. आजाऱ्यांच्या वेगळ्या झोपडीत नेली आणि तिथंच ती गेली. शेवटचं काय बोलली ते मला माहीत नाही, आत सोडलं नाही. पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं की हा रोग उंदरांच्या पिसवांतून येतो आणि पिसवा पोत्यांत, कपड्यांत बसून लांब जातात. मी विचारलं, "नव्या पोत्यांतबी?" तो म्हणाला, "नव्या-जुन्याचं पिसूला काय?"

आमची झोपडी सामानासकट जाळली. बारदान जळायचं ते जळलंच. गावातल्या घरातला हिरडा तेवढा वाचला. माळावरून परतल्यावर त्या व्यापाऱ्यानं न मागता नवा गठ्ठा पाठवला, बोलला होता तसा. मी तो घेतला. त्यात हिरडा भरला. धंदा पुढं बरीच वर्षं चालला.

लोक मला म्हणाले, देवानं दिलं, देवानं नेलं. मी मान डोलावली. देवाच्या अंगावर घालणं सोपं होतं.

लोक धीर देतात की ती वर सुखात असेल. असेल. पण ती गेली ती एका खोट्याचे उपकार मानून, आणि मी शेजारी बसून त्याला आमेन म्हटलं. ते कसं परत घ्यायचं, हे एका पाळकालाही विचारायची छाती झाली नाही.

येत्या रविवारी देवळात सगळ्यांसमोर उभं राहून तिच्याविषयी साक्ष द्या म्हणून पाळकांनी सांगितलंय. मागंही एकदा सांगितलं होतं, तेव्हा बाजाराचं निमित्त करून मी घोडेगावला गेलो. आता बैल विकलेत, पोत्यांची खोली मोकळी पडलीय. बाजाराचं निमित्त उरलेलं नाही. हाच कागद वाचून दाखवीन. बाकावर मग त्यांनी दुसऱ्या कुणाला बसवावं.