दुधाला पात्र

होंडुरासमधल्या तेगुसिगाल्पा शहरातल्या आमच्या चढावरच्या वस्तीत सकाळ झाली की दोन्या, म्हणजे आमच्याकडे बाई, एर्मेलिंदाच्या अंगणात पोरं येऊन पडतात. त्यांच्या आया बाजारात टोमॅटो विकतात, नाहीतर साहेबलोकांच्या लाद्या पुसतात. संध्याकाळी ज्याची पोरं तो घेऊन जातो. राहते एकटी नोएमी, चार वर्षांची. तिची आई कामाला उत्तरेकडे, अमेरिकेत गेली ती गेलीच. जाताना पोर एर्मेलिंदाच्या ओटीत घालून गेली. तेव्हापासून एर्मेलिंदा तिची आई, आणि ह्यात वस्तीत कुणाला काही विचारायचं सुचलं नाही.

एक संस्था ह्या पोरांना दुधाची पावडर द्यायची. एकदा तिथल्या मॅडम पाहणीला येणार म्हणून निरोप आला. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की पोरांची खैर नसते. एर्मेलिंदाने सगळ्यांना घासूनपुसून काढलं, केसांना लिंबू चोळून भांग चापून बसवले, फ्रॉकला खळ केली. माझ्या नातीचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे बूटसुद्धा मागून नेले. पोरं अशी बसली जणू बिशपच येणार आहे.

मॅडमचा चेहराच पडला.

"दोन्या, ही मुलं गरजू वाटत नाहीत हो."

"मग कशी वाटतात?"

"चांगली वाटतात."

"म्हणजे माझं चुकलंच की!" एर्मेलिंदा म्हणाली.

पुढच्या महिन्यापासून दूध बंद. ह्या घराला आता मदतीची गरज उरलेली नाही, असं कळवलं, वर अभिनंदनही केलं. पोरं राजम्याचं पाणी पिऊ लागली. नोएमी तर वाळून काटकी झाली.

शेवटी आमच्या तिबुर्सियो न्हाव्याने अक्कल पाजळली. "भीक मागायला निघालीस तर भांडं घासून नको नेऊस, बाई. मॅडमना परत बोलाव, आणि पोरांना पाणी लावू नकोस."

"पाहुण्यांसमोर शेंबडी पोरं? जनाची नाही तर मनाची तरी ठेव रे."

"मनाने पोट भरतं का?"

मॅडम आल्या त्या दिवशी एर्मेलिंदा लाजेने चुलीपाशीच बसून राहिली. पोरं मात्र खूश. नोएमी राखेत लोळून आली होती, नाक वाहत होतं. मॅडमना किती आनंद झाला म्हणता! फोटोंवर फोटो काढले, दूध जागच्या जागी मंजूर केलं. मग नोएमीकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं कोण आहे?"

"मी आहे."

"कागदोपत्री?"

"कागद कशाला? पोर माझ्या घरात आहे."

"अशा अवस्थेत? ही तर शुद्ध हेळसांड आहे."

आठवड्याच्या आत गाडी आली आणि नोएमीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंच भिंतींच्या वसतिगृहात घेऊन गेली. तिथे म्हणे मुलांची काळजी शास्त्रशुद्ध घेतात. भेटायचं तर कागदोपत्री नातेवाईक असावं लागतं.

दूध मात्र आता वेळेवर येतं. नोएमीचा वाटाही येतो, कारण संस्थेच्या भिंतीवर तिचाच फोटो लावलाय. एर्मेलिंदा तो वाटा कुणाला देत नाही. मॅडमला शिव्या घालते, तिबुर्सियोला घालते, त्याही संपल्या की चुलीपाशी बसते.

"त्या दिवशी पोरीला आंघोळ घालायला हवी होती," एवढंच म्हणते.