गुलमंडीतली एक पिशवी

मित्रहो, आज सकाळी गुलमंडीतल्या किराणा दुकानासमोर चुन्याच्या वर्तुळांत आमच्या पिशव्या शिस्तीत अंतर राखून होत्या. त्यांचे मालक मात्र सावलीत खांद्याला खांदा लावून गप्पा मारत होते.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या काकूंना ठसका लागला. घोळक्यातला एकजण ओरडला,

"काकू, कोरोना वाटायला आलात व्हय?"

"अरे, हे कालच निगेटिव्ह आलेत. त्यांच्या पेजेला घरात तांदूळ नाहीत."

"मग एक दिवस उपास घडू द्या की!"

सगळे हसले. शुचितेवर व्याख्यानं देणारा मीही हसलो. एकाने काकूंची पिशवी पायाने बाहेर सारली. लॉकडाऊनमुळे अकराला शटर पडणार होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकू पिशवी झटकून निघून गेल्या.

मी माझी पिशवी त्यांच्या वर्तुळात सरकवली. शेवटचे दोन किलो तांदूळ मला मिळाले.

येताना काकूंचं दार उघडं दिसलं. मी चाल वाढवली. तुम्ही थांबला असता?